डगल्यावरून आलेली झिंग

मागच्या महिन्यात सुनेला सर्दी झाली होती. गोळी घेऊन दुपारी दोन तास झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "आई, अजून जरा ग्रॉगीच वाटतंय, चहा टाकता का?" मी चहा टाकला, आलं जरा जास्त घातलं, आणि मनात म्हटलं, हा ग्रॉगी कोण बुवा? कानावरून अनेकदा गेलेला शब्द. टीव्हीवर मुष्टियुद्ध चालू असलं की समालोचक म्हणतो, अमका खेळाडू ग्रॉगी झालाय. रात्रपाळी करून आलेला शेजारचा मुलगा म्हणतो, "काकू, आज एकदम ग्रॉगी आहे." म्हणजे पेंगुळलेला, गुंगीतला, पाय लटपटणारा असा काहीतरी अर्थ असणार हे कळत होतंच.

आता माझी सवय तुम्हा मंडळींना ठाऊक आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई मी. जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इंग्रजी शब्द भेटला की त्याला आधी "तुम्ही कुठले? कोणाचे?" असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, गावाकडे नव्या पाहुण्याला विचारतात तसं. या पाहुण्याने मात्र आपल्या कुळाची अशी काही हकीगत सांगितली की चार दिवस मी त्याच्यातच होते. म्हटलं, लिहून काढावी.

तर पहिली गोष्ट अशी की ग्रॉगी म्हणजे मुळात झोपाळू नव्हे. ग्रॉगी म्हणजे प्यायलेला. तर्र. आपल्याकडे टुन्न, टल्ली, झिंगलेला, फुल्ल असे शब्द आहेत ना, त्याच पंगतीतला. आणि तो आला एका डगल्याच्या कापडावरून!

एडवर्ड व्हर्नन नावाचा एक इंग्रज आरमारी अधिकारी होता. जन्म १६८४ चा. हा माणूस पार्लमेंटातही बसायचा आणि तिथे बोलायला अजिबात कचरायचा नाही. स्पॅनिश लोकांचं पोर्टो बेलो नावाचं बंदर (आजच्या पनामा देशात) आपण फक्त सहा जहाजं घेऊन जिंकून दाखवू असं तो तिथे बोलून बसला होता. १७३९ मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांचं युद्ध जुंपलं. या युद्धाचं नाव 'जेन्किन्सच्या कानाचं युद्ध'. जेन्किन्स नावाच्या एका इंग्रज कप्तानाचा कान स्पॅनिश तटरक्षकांनी कापला, ते एक निमित्त झालं. (वर्गात हे नाव सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. इतिहासात अशी नावं आणखी हवी होती.) त्या युद्धात व्हर्ननने नोव्हेंबर १७३९ मध्ये खरोखरच सहा जहाजांनिशी पोर्टो बेलो घेतलं.

आपल्या मनात काळ पक्का बसावा म्हणून सांगते. त्याच १७३९ च्या मे महिन्यात इकडे चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली होती. तिकडे इंग्लंडात व्हर्ननच्या नावाचा जयजयकार झाला. त्याची पदकं पाडली, त्याच्या नावाच्या खाणावळी निघाल्या. लंडनमधली पोर्टोबेलो रोड, जिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, ती याच विजयावरून नाव पडलेल्या एका शेतवाडीची आठवण. आणि जॉर्ज वॉशिंग्टनचा थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स हा व्हर्ननच्या मोहिमेत लढायला गेला होता. त्याने परत येऊन आपल्या शेतावरच्या घराला साहेबाचं नाव दिलं, माउंट व्हर्नन. अमेरिकेला गेलेले आपले भाचे-पुतणे आईवडिलांना वॉशिंग्टन दाखवायला नेतात तेव्हा ते घर बघूनच येतात. तिथे फोटो काढलेल्यांनो, ते नाव या डगलेवाल्याचं बरं का!

डगला असा. रेशीम आणि मेंढीबकऱ्यांचे केस मिसळून विणलेलं एक जाडंभरडं कापड तेव्हा मिळायचं. त्याला डिंकाची खळ देऊन कडक करायचे, म्हणजे पाणी लवकर आत जात नसे. फ्रेंच भाषेत 'ग्रो ग्रँ' म्हणजे जाड पोताचं. इंग्रजांच्या तोंडात त्याचं ग्रोग्रॅम झालं. व्हर्नन जहाजाच्या डेकवर ऊनपावसात हाच डगला घालून फिरायचा, म्हणून खलाशांनी त्याचं नाव ठेवलं 'ओल्ड ग्रॉग'. मास्तरांना टोपणनावं ठेवण्यात विद्यार्थी जसे तरबेज, तसे साहेबाला नावं ठेवण्यात खलाशी. माझंही एक नाव होतं शाळेत. ते इथे सांगणार नाही. माझे तीन माजी विद्यार्थी हे वाचतात आणि ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आता दारूकडे. लांबच्या प्रवासात जहाजावर पिण्याचं पाणी लाकडी पिंपांत भरून न्यायचे. काही आठवड्यांत ते हिरवं, शेवाळलेलं, घाण वासाचं व्हायचं. म्हणून इंग्रज आरमारात प्रत्येक खलाशाला रोज एक गॅलन बिअर, म्हणजे जवळजवळ चार लिटर, द्यायची पद्धत होती. पण बिअरही उष्ण हवेत आंबते आणि तिला जागाही फार लागते. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका बेट घेतलं आणि त्यांना रम सापडली. ती नासत नाही, उलट पिंपात मुरते, आणि थोडक्यात काम भागतं. मग तिकडच्या जहाजांवर बिअरऐवजी माणशी अर्धा पिंट, म्हणजे साधारण पाव लिटर रम मिळायला लागली. रोज. कोरी. आणि बहुतेक जण ती एका दमात ढोसायचे.

पाव लिटर कडक दारू रिकाम्या पोटी, वर उन्हाचा तडाखा, आणि मग तोच माणूस शंभर फूट उंच डोलकाठीवर चढून शिडं आवळणार. काय होत असेल कल्पना करा. माणसं पडायची, मरायची. भांडणं, मारामाऱ्या, मग शिक्षा म्हणून उघड्या पाठीवर चाबूक. व्हर्ननला हे बघवेना. त्याने आपल्या ताफ्यातल्या सगळ्या कप्तानांचं आणि शल्यवैद्यांचं मत मागवलं. सगळ्यांचं मत एकच पडलं आणि २१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदरात, 'बर्फर्ड' या जहाजावरून त्याने हुकूम काढला. (आपल्याकडे थोरले बाजीराव जाऊन तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते.)

हा हुकूम मला फार आवडला. शाळेची परिपत्रकं आयुष्यभर वाचली, त्यांत इतकं नेमकं एकही नव्हतं. रोजच्या अर्ध्या पिंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे चौपट पाणी घालायचं. ते कुठल्या पिंपात मिसळायचं हे सांगितलं. कुठे मिसळायचं, तर उघड्या डेकवर, सगळ्यांसमोर. कोणाच्या देखत, तर पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या देखत, आणि त्याने कोणाची रम मारली जात नाही ना यावर नजर ठेवायची. म्हणजे पाणी घाला, पण गरिबाच्या वाट्यात घट नको! वाटप एकदम नाही, दोन वेळा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळकडे. आणि शेवटी एक प्रेमळ ओळ अशा अर्थाची, की जे काटकसरी असतील त्यांनी आपल्या वाट्याच्या खारवलेल्या मांसातून आणि पावातून बचत करून साखर आणि लिंबं विकत घ्यावीत, म्हणजे पेय चवीला बरं लागेल.

खलाशांना हे पाणचट पेय मुळीच आवडलं नाही. त्यांनी साहेबाचंच नाव त्याला चिकटवलं. ओल्ड ग्रॉगचं ते ग्रॉग. पुढे ही पद्धत सगळ्या इंग्रज आरमारात पसरली.

पिंपाची एक गंमत सांगते. झाकणाला भोक पाडलेल्या अशा पिंपाला इंग्रजीत 'स्कटल्ड बट' म्हणत. पिण्याच्या पाण्याचं पिंपही तसंच असे, आणि तिथे पाणी प्यायला येणारे खलाशी इकडच्या तिकडच्या खबरी सांगत उभे राहत. त्यावरून 'स्कटलबट' म्हणजे अफवा, कुजबुज असा अर्थ अमेरिकन आरमारात रूढ झाला. आपल्या नळावरच्या गप्पाच की या!

आता कोणी म्हणेल, बाई, ही डगल्याची गोष्ट खरी कशावरून? शब्दांच्या अशा गोष्टी पुष्कळदा मागाहून रचलेल्या असतात. शंका रास्त आहे. एका चरित्रकाराने अशीच शंका काढली होती. रॉबिन्सन क्रूसो लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने १७१८ च्या एका पुस्तकात, म्हणजे हुकमाच्या बावीस वर्षं आधीच, बार्बाडोसच्या एका गुलाम मुलाच्या तोंडी 'ग्रॉग' शब्द घातला आहे, असं त्याचं म्हणणं. झालं, डगला निकालात! पण कोणीतरी मूळ पुस्तक काढून बघितलं तर तिथे ग्रॉग नव्हतंच. तिथे शब्द होता 'जिंजर'. आलं! मी आमच्या स्वयंपाकघरातल्या आल्याकडे बघून मनसोक्त हसले. मूळ पान उघडून बघा, हे मी मुलांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असे.

डगल्याच्या बाजूने पुरावा बरा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात 'प्यायलेला' या अर्थाच्या दोनशेहून जास्त इंग्रजी शब्दांची आणि वाक्प्रचारांची यादी छापली होती. त्यात 'बार्बाडोसला जाऊन आला' असासुद्धा एक प्रकार आहे, पण ग्रॉगी नाही. कसा असणार? हुकूम निघायला अजून तीन वर्षं होती. मग १७७० मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने अशीच एक यादी छापली, त्यात ग्रॉगी आहे आणि तो वेस्ट इंडीजकडचा शब्द असल्याची नोंदही आहे. १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोजच्या गावठी शब्दांच्या कोशात तर व्हर्ननच्या नावासकट हकीगत आली.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट आहे. हा हुकूम दारूचं व्यसन वाढवायला काढलेला नव्हता. खलाशांनी झिंगू नये म्हणून काढलेला होता. तीस वर्षं उलटली नाहीत तोच त्याच पेयाच्या नावावरून 'झिंगलेला' हा अर्थ तयार झाला! पाणी घातल्याने रम कमी झाली नव्हती ना. वाटीतली रम तेवढीच, फक्त भांडं मोठं.

आमच्या नात्यात एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. स्वभावाने अतिशय गोड, हिशोबाला चोख, मुलांना पाढे शिकवणारे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मी कोरी कधीच घेत नाही. पाणी घालूनच घेतो." ते असं म्हणायचे की जणू पाणी घालणं म्हणजे सोवळं नेसणं. घरातही सगळ्यांनी ते वाक्य मान्य केलं होतं. "त्यांचं तसं नाही हो, ते पाणी घालून घेतात." बावन्नाव्या वर्षी यकृताने दगा दिला. पुढे त्यांच्या बायकोने पंधरा वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून दोन मुलांची शिक्षणं केली. त्या आज असत्या तर नव्वदीच्या झाल्या असत्या. व्हर्ननचा हुकूम वाचताना मला सारखी त्यांची शिवणयंत्रावर वाकलेली पाठ दिसत होती. साहेबाचा हेतू चांगलाच होता, यात मला शंका नाही. पण पाण्याच्या भरवशावर माणसं स्वतःची किती समजूत घालू शकतात, हे त्याला कळलं नसावं.

असो. हुकमातल्या लिंबांनी मात्र नकळत भलं केलं. ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजून रक्त, दात हलणं, जुन्या जखमा उघडणं, आणि शेवटी मृत्यू. जेम्स लिंड या आरमारी वैद्याने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांना दोन-दोन करून वेगवेगळी औषधं देऊन पाहिली. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे भराभर सुधारले. तरीही आरमाराने लिंबाचा रस सर्वांना द्यायला १७९५ साल उजाडलं. जवळजवळ पन्नास वर्षं! आणि तो रस द्यायचा कशातून, तर ग्रॉगमधून. कारण ग्रॉग कोणी चुकवत नसे.

आता ज्या रमचं एवढं चाललंय ती यायची कुठून? कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. उसाचा रस आटवून साखर काढली की मागे मळी उरते. ती आंबवून गाळली की रम. जमैका, बार्बाडोस ही सगळी उसाची बेटं आणि त्या मळ्यांत राबणारे लोक आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेले गुलाम. खलाशाच्या पाठीवर चाबूक बसू नये म्हणून ज्या रममध्ये पाणी घातलं, ती रमच दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवरच्या चाबकातून आलेली होती. व्हर्ननच्या हुकमात याविषयी काही असण्याचं कारण नव्हतं. पण हे दोन्ही चाबूक पाहिलेला एक माणूस मला या शोधात भेटला. मला तो व्हर्ननपेक्षा मोठा वाटतो.

थॉमस ट्रॉटर त्याचं नाव. स्कॉटलंडचा, जन्म १७६०. तरुणपणी 'बर्विक' या लढाऊ जहाजावर वैद्यकीय मदतनीस होता. १७८१ मध्ये त्याने तिथे एक कविता केली, त्यात व्हर्ननचा डगला आणि ग्रॉग हे नाव यांची सांगड घातलेली आहे. खलाशांच्या गमतीची कविता. पुढे आरमारातलं काम सुटलं आणि पोटासाठी तो 'ब्रूक्स' नावाच्या जहाजावर वैद्य म्हणून चढला. हे गुलाम वाहून नेणारं जहाज. या जहाजाचा नकाशा तुम्ही कदाचित पाहिला असेल. तळाच्या माळ्यावर शेकडो माणसं काड्यापेटीतल्या काड्यांसारखी शेजारी शेजारी ठेवलेली दाखवली आहेत. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीने तो १७८८ पासून घरोघर पोचवला. ट्रॉटरने तिथे जे पाहिलं ते विसरू शकला नाही. १७९० मध्ये त्याने पार्लमेंटच्या चौकशीपुढे उभं राहून साक्ष दिली की त्या माणसांना श्वास घ्यायलाही जागा नसे. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला.

आणि याच ट्रॉटरने १७८८ मध्ये एडिंबरोत पदवीसाठी प्रबंध लिहिला तो दारूबाजीवर! लॅटिनमध्ये. तो वाढवून १८०४ मध्ये इंग्रजीत पुस्तक केलं. त्याचं म्हणणं असं की सतत पिण्याची सवय हा एक आजार आहे, मनाचा आजार. पिणाऱ्याला पापी म्हणून झोडपू नका, त्याचा विश्वास मिळवा, तो का पितो ते शोधा, मग उपचार करा. १८०४ साली! आमच्या लहानपणीसुद्धा 'दारुडा' ही शिवी होती, आजार नव्हता. ज्याने तरुणपणी ग्रॉगची कविता केली त्यानेच पुढे ग्रॉगी माणसाला रोगी म्हणून बघितलं. आमच्या त्या नातलगांना असा वैद्य मिळाला असता तर, असं वाटून गेलं.

शब्द मात्र आपल्या वाटेने चालत राहिला. प्यायलेल्या माणसाचे पाय लटपटतात म्हणून एकोणिसाव्या शतकात पुढचे पाय कमजोर झालेल्या घोड्याला ग्रॉगी म्हणू लागले. मग ठोसे खाऊन डुलणाऱ्या मुष्टियोद्ध्याला. मग आजारातून उठलेल्याला, झोप न झालेल्याला, आणि आता सर्दीची गोळी घेतलेल्याला. दारू हळूहळू शब्दातून उडून गेली, लटपट तेवढी राहिली.

माणसाच्या नावावरून असा शब्द होणं आपल्याला परकं नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम आज वर्तमानपत्राच्या मथळ्यात पोचलाय. 'तळीरामांवर कारवाई' ही बातमी वाचणाऱ्या किती जणांनी ते नाटक वाचलंय? फरक एवढाच की व्हर्नन बिचारा पिण्याच्या विरुद्ध होता, आणि तळीराम आर्य मदिरा मंडळाचा खंदा कार्यकर्ता!

आपल्याकडूनही इंग्रजांच्या पेल्यात शब्द गेले आहेत. ताडाची ताडी, तिची 'टॉडी' झाली. स्कॉटलंडात गरम पाणी, साखर आणि व्हिस्कीच्या पेयाला टॉडी म्हणतात, तिथे ताडाचं झाड औषधालाही सापडायचं नाही. आणि 'पंच'. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला अशा पाच वस्तूंचं म्हणून पंच. १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने हीच व्युत्पत्ती नोंदवली आहे; नेरूळला निघणारी गोव्याची दारू घेऊन इथले इंग्रज हे पेय करतात, असं तो लिहितो. हल्लीचे काही अभ्यासक मोठ्या पिंपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवतात. मी पाचाच्या बाजूने आहे. पक्षपात म्हणा हवं तर.

मुंबईच्या वाडिया मंडळींनी सागवानाची जहाजं इंग्रज आरमाराला बांधून दिली, त्यातलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. आपल्या सागवानी डेकवरसुद्धा ग्रॉगचं पिंप उघडलं गेलंच असणार.

वाटा कमी होत गेला. १८२४ मध्ये निम्मा, १८५० च्या सुमारास त्याच्याही निम्मा. अमेरिकेच्या आरमाराने १ सप्टेंबर १८६२ ला ग्रॉग बंदच केलं. इंग्रजांनी मात्र आणखी शतकभर नेटाने चालवलं. रोज दुपारी पुकारा व्हायचा. चकाकत्या पितळी अक्षरांत राजाराणीला आयुष्य चिंतणारं पिंप बाहेर निघायचं. वह्यांत प्रत्येकाच्या नावापुढे शेरा असे: घेणारा, न घेणारा, की वय कमी. न घेणाऱ्याला रोजचे तीन पेनी मिळत. या वाट्याचं खलाशांत चलनच झालं होतं. कोणी आपलं काम केलं तर त्याला आपल्या पेल्यातला एक घुटका, मोठं काम असेल तर मोठा घोट, आणि फार मोठे उपकार असतील तर तळ दिसेपर्यंत सगळा पेला. प्रत्येकाला वेगळं नाव होतं.

पण जहाजं बदलली. शिडं गेली, रडार आलं, क्षेपणास्त्रं आली. दुपारी रम पिऊन ती यंत्रं कोण हाताळणार? जानेवारी १९७० मध्ये पार्लमेंटात यावर रात्री चर्चा झाली आणि ३१ जुलै १९७० रोजी शेवटचं वाटप झालं. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होते, आम्हाला कोणाला पत्ताही नव्हता. खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. कुठे पेले समुद्राला अर्पण केले, तर एका आरमारी केंद्रात शवपेटी, ढोल आणि पुंगी घेऊन चक्क अंत्ययात्रा काढली. त्या दिवसाला 'ब्लॅक टॉट डे' म्हणतात. न्यूझीलंडच्या आरमाराने तर १९९० च्या फेब्रुवारीपर्यंत ही प्रथा सांभाळली. त्या देशात आणि ऑस्ट्रेलियात आजही कुठल्याही दारूला सर्रास ग्रॉग म्हणतात.

आणि फिजी बेटांवर हा शब्द भलताच सज्जन होऊन बसलाय. १८७९ ते १९१६ या काळात करारावर ऊस तोडायला नेलेल्या भारतीयांची नातवंडं-पतवंडं तिथे आहेत. त्यांच्या घरी संध्याकाळी गेलात आणि "या, ग्रॉग घेऊ" असा आग्रह झाला तर बिचकू नका. एका मोठ्या भांड्यात यांगोना नावाच्या झाडाच्या मुळाची पूड पाण्यात कालवतात, फडक्यातून पिळतात आणि नारळाच्या करवंटीतून सगळ्यांना देतात. मातीसारखी चव, जीभ थोडी बधिर होते, अंग सैलावतं. दारूचा त्यात एक थेंबही नसतो.